कोपराखालचा हात

१

शिकणाऱ्याला हात लावायचा नाही, असा माझा नियम होता. कुणी घालून दिलेला नव्हता, माझा मीच केलेला. बोट चुकीच्या जागी पडलं तर मी ते उचलून नीट ठेवायचे नाही. मनगट वाकलं तर सरळ करायचे नाही. मी खिडकीपाशी उभी राहायचे आणि शिकणारा खोलीच्या मधोमध, माझ्याकडे तोंड करून. मग मी त्याचा आरसा व्हायचे. त्याची चूक माझ्या अंगावर घेऊन दाखवायची आणि हळूहळू ती सोडवायची. माझ्याकडे बघता बघता तो आपली आपण सोडवतो. वेळ लागतो, पण असं शिकलेलं अंगात मुरतं.

खोली सायकलदुरुस्तीच्या दुकानावर आहे. लाकडी जमीन, एक उंच खिडकी, भिंतीशी बाक, स्वरलिपीच्या वह्यांचं कपाट. जमिनीची एक फळी सैल आहे. शिकणारा उभा राहतो त्याच्या हातभर मागे ती आहे आणि तिच्यावर पाय पडला की कण्हल्यासारखा आवाज येतो. नव्या माणसाला पहिल्या दिवशी मी व्हायोलिनची पेटीसुद्धा उघडू देत नाही. खाली हवा भरायचा पंप चालू असतो. "ऐका," म्हणते, "पंप कुठल्या सुरात आहे? गुणगुणून दाखवा." लोक हसतात. मग एकदम गप्प होतात, कारण पंपाला खरंच सूर असतो. तेवढं कळलं की निम्मं शिकवून झालं, असं मी मानते.

दुपारच्या सुट्टीत एक दातांचे डॉक्टर यायचे. पन्नाशी उलटलेली, बोलायला भारी हौस. "जन्मभर लोकांना 'आ करा' म्हटलं, आता माझी पाळी," असं म्हणत गजाला राळ लावायचे. त्यांचं घोडं जाड्या तारेवर अडायचं. व्हायोलिनच्या जाड्या तारेवर करंगळी पोचवायची तर डावा कोपर वाद्याच्या खालून आत, छातीकडे वळवावा लागतो. त्यांचा वळायचा नाही, खांदाच वर यायचा.

एक दिवस जिन्याच्या तोंडाशी कोट चढवताना ते म्हणाले, "आज बरं केलंत, मॅडम."

"काय केलं?"

"कोपराला हात दिलात ते. कसा अलगद पोचलो बघा! नाहीतर खांदा भरून येतो माझा."

"मी कुठे हात दिला?"

"बरं बरं. नियम मोडलात म्हणून कुणाला सांगत नाही मी." डोळे मिचकावून ते उतरून गेले.

मला हसू आलं. माणूस डोळे मिटून, मन लावून वाजवत असला की काहीबाही वाटतं. खिडकी लावताना मात्र एक गोष्ट आठवली. डॉक्टर वाजवत होते तेव्हा ती सैल फळी कण्हली होती. डॉक्टर जागचे हलले नव्हते.

२

मला मावशीनं शिकवलं. आईची ती थोरली बहीण. एका मोठ्या वाद्यवृंदात ती व्हायोलिन वाजवायची. एकदा तालमीला जाताना मंचाच्या पायऱ्यांवरून पडली, कमरेचं हाड मोडलं, आणि ते कधी नीट जुळलं नाही. मग उंच पाठीच्या एका खुर्चीत बसून ती मुलांना शिकवू लागली. आई कारखान्यात कामाला जायची, म्हणून शाळा सुटली की मी मावशीकडे. मला सांभाळायचं म्हणून तिनं माझ्या हातात लहान मुलांचं व्हायोलिन दिलं. सांभाळायचं ते असं सांभाळलं की जन्माचं झालं.

तिची शिकवण्याची तऱ्हा वेगळीच होती. चूक झाली की मी थांबून मागे जायचे, पुन्हा सुरुवात करायचे. ते तिला मुळीच चालायचं नाही. "गेला तो सूर गेला," म्हणायची. "त्याची माफी मागत बसू नकोस. पुढच्याशी नीट वाग." पुढे पुढे तर तिनं खुर्ची खिडकीकडे वळवून घेतली आणि माझ्याकडे पाठ करून शिकवू लागली. "पाठ फिरवून ऐकलं की लबाडी लपत नाही," असं ती सांगायची. मला ते फार थोर वाटायचं.

आणि मला आठवतो तो हात. मी वाजवताना डाव्या कोपराखाली येणारा तळवा, ऊबदार आणि कोरडा. तो ओढायचा नाही, ढकलायचा नाही. कोपर उचलून थोडा आत घ्यायचा आणि थांबायचा. तेवढ्यानं करंगळी जाऊन तारेवर पडायची. जमलं की हात हलकेच निघून जायचा.

पुढे मी संगीत विद्यालयात गेले. तिथले सर गजाच्या लाकडानं बोटांच्या पेरांवर मारायचे. एका मुलीचं बोट त्यांनी असं पिरगळलं की तिनं वाद्यच सोडलं. मी टिकले ती त्या हाताच्या जोरावर. सर ओरडायला लागले की मी कोपराखालचा तो ऊबदार तळवा आठवायचे आणि वाजवत राहायचे. नंतर बरीच वर्षं नाटकांच्या वाद्यवृंदात, मंचाखालच्या अंधाऱ्या खड्ड्यात बसून वाजवलं, घर चालवलं, आणि शेवटी ही खोली घेतली. कुणाला हात लावायचा नाही हे सरांमुळे ठरवलं. मावशीसारखा हात आपल्याला देता येणार नाही, मग आपण लावूच नये, असंही मनात होतं.

मावशी खुर्चीतून उठू शकत नव्हती, हे मला माहीत होतं. मावशीचा हात माझ्या कोपराखाली असायचा, हेही माहीत होतं. दोन्ही आठवणी माझ्याजवळ शेजारी शेजारी राहत होत्या आणि इतक्या वर्षांत त्यांची एकमेकींशी गाठच पडली नव्हती.

३

खारूताई आली तेव्हा नऊ वर्षांची होती. नाव तिच्या आईनंच ठेवलेलं, कारण पोर एका जागी ठरायची नाही. असंच धावताना शाळेच्या जिन्यावरून पडली आणि डावा कोपर मोडला. हाड जुळलं, पण हात पुरता वळेना. तिची आई शहर बस चालवायची. पहिल्या दिवशी गणवेशातच आली होती.

"मॅडम, व्यायाम सांगितलाय तो ही करत नाही," ती म्हणाली. "रडते. हाडांचे डॉक्टर म्हणाले, हात वळेल असं काहीतरी आवडीचं शिकवा. नाहीतर हा असाच राहील. खरं सांगते, हिच्या हाताकडे बघितलं की मला गाडी चालवताना स्टिअरिंग धरवत नाही."

खारूताई बाकावर पाय हलवत बसली होती. मी तिला पंपाचा सूर विचारला. तिनं लगेच गुणगुणून दाखवला, अचूक. वर म्हणाली, "आणि तो मधेच खाली घसरतो. त्याला सर्दी झालीय का?"

तिचा कान सोन्यासारखा होता. हात मात्र दगडासारखा. बारीक तारांवरचं सगळं तिला यायचं, पण कोपर आत घ्यायची वेळ आली की तो वाटेत अडायचा. मी आरसा होऊन बघितलं. गाणी रचून बघितली. कोपर म्हणजे दार आणि करंगळी म्हणजे पाहुणी, अशी गोष्ट सांगून बघितली. पोरगी डोळ्यांत पाणी आणून प्रयत्न करायची आणि करंगळी तारेच्या अलीकडेच हवेत थरथरत राहायची. तिच्या आईला आता काय सांगायचं, याची वाक्यं मी मनात जुळवायला लागले होते.

आणि एका दुपारी जाडी तार वाजली. स्वच्छ, गोल सूर. करंगळी नेमकी जागेवर.

मी खिडकीपाशी उभी होते, तिथंच टाळ्या वाजवल्या. "अगं, कसं जमवलंस?"

"तुम्हीच तर धरलंत," ती म्हणाली.

"मी? मी इथं उभी आहे, बाळा."

तिनं माझ्याकडे बघितलं. मी किती लांब आहे ते नजरेनं मोजलं. मग खांदे उडवले. "मग मागच्या बाईंनी धरलं."

"कोण मागच्या बाई?"

"मला काय माहीत? वाजवताना मान वळवायची नाही, तुम्हीच सांगितलंय."

तिच्या मागे बाक होता, दार होतं. दार बंद होतं. खाली कुणीतरी सायकलचं चाक फिरवून सोडलं होतं, त्याचा सरसर आवाज कमी कमी होत गेला. "पुन्हा वाजव," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला.

४

थंडीचे दिवस होते. खारूताई आईचा जुना गणवेशाचा स्वेटर घालायची. बाह्या तिला फार मोठ्या, कोपरापाशी लोंबणाऱ्या. म्हणून मला ते दिसलं.

तिनं गज ओढला. जाड्या तारेकडे जायची जागा आली. लोंबणारी बाही खालून वर उचलली गेली. कोपर वर गेल्यामुळे नव्हे. आधी बाही वर झाली, लोकर कोपराला चिकटली, एका बाजूला चार खळगे पडले आणि दुसऱ्या बाजूला एक. मग कोपर आत वळला. सूर लागला. एकेक खळगा भरत गेला आणि बाही पुन्हा लोंबू लागली. फळी कण्हली.

तास संपेपर्यंत तिच्या बोटांकडे बघत राहिले. ती गेल्यावर स्वेटरची लोकर कशी असते, सुरकुत्या कशा पडतात, यावर स्वतःशीच बराच वेळ वाद घातला. खिडकीच्या फटीतून वारा येतो का, ते ओला हात धरून बघितलं. सैल फळीवर उभी राहिले, उतरले, पुन्हा उभी राहिले. दर वेळी ती कण्हली, आणि मी लांब असताना एकदाही नाही. माझा स्वेटर काढून बाकाच्या कोपऱ्यावर अडकवला आणि त्याच्याकडे बघत बसले. तो बिचारा स्वेटरसारखा लोंबत राहिला.

माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. त्याला यंत्रातल्या आवाजांखेरीज कशाचीच भीती वाटत नाही. त्याला सांगितलं तर म्हणाला, "तू दिवसभर लोकांच्या कोपरांकडे बघतेस. मी दिवसभर दोरखंड बघतो, मला झोपेत दोरखंड दिसतात. त्यात काय?" दुसऱ्या दिवशी येऊन त्यानं फळीला दोन स्क्रू मारले. फळी गप्प झाली.

पुढच्या तासाला खारूताई वाजवत असताना फळीचा आवाज आला नाही. बाही मात्र उचलली गेली. आणि मला त्या फळीची आठवण यायला लागली. आवाज येत होता तेव्हा निदान कुणी कुठं उभं आहे ते कळत तरी होतं.

वाद्य पेटीत ठेवता ठेवता पोरगी सहज म्हणाली, "जिन्यातपण धरतात त्या. मी पडू नये म्हणून."

"भीती नाही वाटत तुला?"

"कशाची?" तिनं विचारलं.

५

मावशी आता माझ्या मावसभावाकडे असते, तळमजल्यावरच्या खोलीत. तीच उंच पाठीची खुर्ची, खिडकीकडे तोंड. नजर मंद झालीय, कान तसेच आहेत. पावलांवरून तिनं मला ओळखलं.

"डाव्या टाचेवर जोर देतेस अजून," ती म्हणाली. "ये. चहा घे."

मी इकडचं तिकडचं बोलले. मग विचारलं, "मावशी, मी शिकायला यायचे तेव्हा तू माझ्या कोपराखाली हात धरायचीस ना?"

तिनं चहावर फुंकर घातली. "मी? मला खुर्चीतून उठवायला दोन माणसं लागायची, बाळा."

"बसल्या बसल्या धरत असशील."

"तू असायचीस खोलीच्या मध्यावर. माझा हात काय रबराचा होता?"

त्या दोन आठवणी तिथं पहिल्यांदा समोरासमोर आल्या. मी कप खाली ठेवला.

"मग कोण होतं?"

"कुणाला धरलंय आता?" तिनं उलट विचारलं. मी डॉक्टरांचं आणि खारूताईचं सांगितलं. ती मान हलवत ऐकत राहिली, जशी पूर्वी एखादी चाल ऐकायची.

"मोठी झालीस की आपणहून विचारशील असं वाटायचं मला," ती म्हणाली. "विचारलं नाहीस. म्हटलं, बरंच झालं. मला तरी कुठं ठाऊक आहे? आमच्या बाई पियानोच्या पलीकडे बसून शिकवायच्या. तिथून त्यांचा हात माझ्यापर्यंत पोचेल कसा? पण हे मलासुद्धा फार उशिरा सुचलं."

"तू कधी बघितलंस?"

"मी तुझ्या बोटांकडे बघायचे. शिकवणाऱ्यानं बोटांकडे बघावं."

"मावशी."

बाहेर कुणीतरी गाडी धूत होतं, पाण्याच्या पाइपचा आवाज येत होता.

"एकदा नजर वर गेली," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी खुर्ची खिडकीकडे वळवून घेतली."

इतकी वर्षं मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगत आले होते, माझी मावशी पाठ फिरवून शिकवायची, काय कान असेल तिचा!

"घाबरलीस?"

"घाबरणार नाही तर काय? तुझ्या आईला सांगणार होते, पोरीला पाठवू नकोस. शब्द अगदी ओठांवर होते. तेवढ्यात तू आलीस आणि ती आडवळणाची चाल होती ना, ती पहिल्यांदा पूर्ण वाजवलीस. माझ्याच्यानं तुला ते शिकवून होणार नव्हतं, खुर्चीत बसून. मला कळत होतं ते." तिनं चाचपडत माझा हात शोधला. "भीती वाटली तरी उपकार मानता येतात. मी रोज मानायचे. तू दाराबाहेर पडलीस की मोठ्यानं म्हणायचे, फार उपकार झाले."

"मी ऐकायचे ते. मला वाटायचं मला म्हणतेस."

"तुझे कसले उपकार? निम्मं बेसूर वाजवायचीस," मावशी म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो. हसता हसता मला रडू आलं. तिनं रडू दिलं.

निघताना मी विचारलं, "दिसायला कसं होतं, मावशी?"

तिनं तोंड खिडकीकडे वळवलं. "तिला थांबवू नकोस," एवढंच म्हणाली. मुलीबद्दल म्हणाली की आणखी कुणाबद्दल, ते मी विचारलं नाही.

६

मी ठरवलं होतं की गप्प राहायचं आणि कृतज्ञ राहायचं. पोरीचा हात वळत होता. हाडांचे डॉक्टर तपासून थक्क झाले होते. खारूताई घरी शर्टाची वरची बटणं आपली आपण लावू लागली होती, हे तिच्या आईनं मला दोनदा सांगितलं होतं. मी कोण मध्ये येणार?

पण त्या दिवशी आईची बसची ड्यूटी लवकर संपली. एरवी ती खाली सायकलवाल्याशी बोलत थांबायची. तास संपला, खारूताई जिन्याकडे धावली आणि आई आत आली. हातात चालकाची टोपी, चेहऱ्यावर हसू.

"मघाशीच आले होते मी," ती म्हणाली. "दार थोडं उघडलं, पण तुम्ही तिला धरून उभ्या होतात. म्हटलं, आपण मध्ये कशाला जायचं? ओढून घेतलं परत. मॅडम, किती जपून धरता हो! पाठीवरूनसुद्धा कळतं माणसाचं."

मी खिडकीच्या कठड्याला धरलं.

"आणि एक सांगू? मोकळे केस छान दिसतात तुम्हाला. केवढे लांब आहेत! कधी कळलंच न..."

ती थांबली. तिची नजर माझ्या डोक्याकडे होती. माझे केस मानेपर्यंत कापलेले आहेत, कैक वर्षं.

"बांधलेत होय," ती हळूच म्हणाली. काय बांधणार होते मी? तिनं टोपी या हातातून त्या हातात घेतली. मग जिन्यात खारूताईच्या उड्या ऐकू आल्या आणि ती घाईघाईनं, "येते, मॅडम," म्हणून गेली.

मी एकटीच त्या खोलीत उभी राहिले. उन्हाचा चौकोन जमिनीवर होता, सैल फळी त्या चौकोनात होती, स्क्रूंची डोकी चमकत होती. तिथं कुणी नव्हतं. मी तिकडे पाठ करू शकले नाही. कपाटाला, मग भिंतीला घासत घासत दारापर्यंत गेले, आणि जिना उतरताना दोन्ही हात छातीशी घट्ट धरून उतरले. कुणी आधार देऊ नये म्हणून.

७

तेव्हा मी एक ठरवलं. उपकार ठीक आहेत, पण मूल माझ्या भरवशावर माझ्या खोलीत येतं. त्याच्या मागे कुणी उभं राहणार असेल तर मी राहीन.

पुढच्या तासाला मी खारूताईला भिंतीजवळ नेलं. तिच्यामागे मी उभी राहिले, पाठ भिंतीला टेकवून. आमच्या दोघींमध्ये एक उशीसुद्धा मावली नसती.

"आज आरसा नाही?" तिनं विचारलं.

"आज नाही. मी कोपर धरला तर चालेल तुला?"

"पण तुमचा नियम आहे ना?"

"होता."

"चालेल," ती म्हणाली आणि हनुवटी वाद्यावर टेकवली.

बाहेर लख्ख ऊन होतं. खाली पंप चालू होता, सर्दी झालेल्या आपल्या त्याच सुरात. तिनं सुरुवात केली. बारीक तारांवरून चाल वळणावळणानं खाली आली. जाडी तार जवळ येत होती. मी डावा हात पुढे केला, तिच्या कोपराखाली नेला.

माझ्या बोटांना बाही लागली नाही. एका हाताची मागची बाजू लागली.

ऊबदार, कोरडी, हाडकुळी. ती आधीच तिथं होती, कोपर पेलून. मी हात मागे घ्यायला हवा होता. ओरडायला हवं होतं. माझी पाठ भिंतीला टेकलेली होती आणि माझ्यापुढे फक्त ते मूल होतं, मग तो दंड कुठून आला होता, खांदा कुठं होता? खाली बघायचा धीर झाला नाही. नाकाला जुन्या राळेचा वास आला. आणि मी, पन्नाशीची बाई, लहान मुलीसारखी पुटपुटले, "फार उपकार झाले."

तो हात वळला. कोपराखालून सरकला आणि त्यानं माझं मनगट धरलं. बोटांची टोकं कडक होती, तारांनी घट्टे पडलेली, माझ्यासारखीच, पण कितीतरी जास्त. त्यानं माझा तळवा उताणा केला, वर नेला, पोरीच्या कोपराला टेकवला. थोडा आत घेतला आणि थांबला. ते थांबणं मी जगात कुठंही ओळखलं असतं. कोपराचं वजन माझ्या तळव्यात आलं, चिमणीएवढं. मनगटावर एकदा दाब पडला, "असंच" म्हटल्यासारखा, आणि मग सैल झाला.

आता मात्र मी खाली बघितलं. माझ्या मनगटावर चार पांढरे ठसे होते. मी बघत असतानाच एकेकात रक्त भरत गेलं.

जाडी तार वाजली. खारूताईची करंगळी जागेवर होती. तिनं पूर्ण गज ओढला, अगदी टोकापर्यंत. मग वाद्य न काढता, मान न वळवता ती म्हणाली, "बाई, तुमचा हात गार आहे. त्यांचा गरम होता."

"होईल," मी म्हटलं. "तू वाजवत राहा."